ताडोबाचे वाघ मोजायचे कसे?

मित्रांनो, नोव्हेंबरमधल्या एका पहाटे तुम्ही चंद्रपूरहून सुमारे ३० कि.मी. अंतरावरच्या मोहर्लीच्या फाटकापाशी उभे आहात, असे समजा. अंगात स्वेटर आहे, तोंडातून वाफा निघत आहेत. फाटकासमोर उघड्या गाड्यांची रांग लागली आहे. गाडीतल्या प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा आहे. काहींचे भिंग तर हातभर लांब! ही मंडळी ताडोबाच्या जंगलात वाघाचे छायाचित्र घ्यायला निघाली आहेत. त्यांना एक नियम कडकपणे सांगितला जातो : काही झाले तरी गाडीतून खाली उतरायचे नाही.

पण दर चार वर्षांनी हिवाळ्यात काही माणसे याच रानात पायी शिरतात. त्यांच्याजवळ बंदूक नसते. हातात काठी, पाठीवर पाण्याची बाटली, खिशात होकायंत्र आणि अंतर मोजायचे एक छोटे यंत्र. ते वनरक्षक आणि त्यांचे मदतनीस असतात. त्यांच्याकडेही कॅमेरे असतात, पण ते कॅमेरे डोळ्याला लावून छायाचित्रे घेत नाहीत. झाडाला बांधून निघून जातात! छायाचित्र काढण्याचे काम वाघ स्वतःच करतो.

ही सगळी खटपट कशासाठी? एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी. या जंगलात वाघ आहेत तरी किती? प्रश्न साधा आहे, पण उत्तर मात्र मुळीच सोपे नाही. गोठ्यातली जनावरे मोजावीत तसे वाघ मोजता येत नाहीत. तो लपून राहतो, रात्री हिंडतो आणि आज इथे तर उद्या दहा कि.मी. दूर असतो. चला तर, आज आपण मनानेच या पायी जाणाऱ्या मंडळींच्या मागोमाग जाऊ आणि ही मोजणी कशी होते ते पाहू.

तारूचे रान

आधी या जंगलाची थोडी ओळख करून घेऊ. ताडोबा हे नाव ‘तारू’ किंवा ‘ताडोबा’ या गोंड लोकांच्या देवावरून पडले. तारू हा एका गावाचा प्रमुख होता, वाघाशी झुंज देताना तो मारला गेला आणि पुढे लोक त्याला देव मानू लागले, अशी कथा सांगतात. तळ्याच्या काठी मोठ्या वृक्षाखाली त्याचे स्थान आहे. पौष महिन्यात आसपासचे आदिवासी तिथे दर्शनाला येत आले आहेत. त्या तळ्यात मगरी आहेत, म्हणून पाण्यात उतरण्याचा विचार मनात आणू नका!

१९५५ साली या भागातील ११६.५५ चौ. कि.मी. जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. गंमत अशी, की हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान खरे, पण ते झाले तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता! १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९८२ साली जुन्या चांदा जिल्ह्याचे विभाजन होऊन चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले. १९८६ मध्ये शेजारचे अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प तयार झाला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौ. कि.मी. आहे. त्याच्या भोवती २०१० पासून सुमारे ११०० चौ. कि.मी.चे बफर क्षेत्र आहे. बफरमध्ये गावे आहेत, शेते आहेत, गुरे आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिचे काम पडणार आहे.

हे पानगळीचे कोरडे जंगल आहे. साग आणि बांबू सर्वांत जास्त. त्यांच्या जोडीला ऐन, धावडा, बिजा, हलदू, तेंदू, मोह, बेहडा ही झाडे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते. टेकडीच्या उतारावर मधूनच पांढऱ्या फटक खोडाचे एक झाड दिसते. चांदण्या रात्री ते पाहून दचकायला होते, म्हणून लोक त्याला ‘भुताचे झाड’ म्हणतात. उत्तरेला आणि पश्चिमेला टेकड्या, त्यांच्यामधून दगडगोट्यांचे नाले, आणि नाल्याच्या दोन्ही काठांना बांबूची बेटे. अशा बेटात दहा पावलांवरचे जनावरही दिसत नाही.

पायाखालची धूळ

मोजणीसाठी सगळे जंगल लहान लहान तुकड्यांत वाटलेले असते. त्यांना ‘नियतक्षेत्र’ म्हणतात. वनरक्षक मात्र ‘बीट’ असाच शब्द वापरतात. प्रत्येक बीटमध्ये वनरक्षक सुमारे पाच कि.मी.ची पायवाट चालतो, आणि हे काम तो तीन दिवस करतो. त्याचे डोळे झाडीत कमी आणि जमिनीवर जास्त असतात. तो खुणा शोधत असतो : वाघाच्या पंजाचा ठसा, विष्ठा, झाडाच्या सालीवर नखांनी ओढलेले ओरखडे, मातीत पाय घासून केलेली उकर. अस्वलाने वारूळ फोडलेले असते. रानकुत्र्यांची विष्ठा एकाच जागी ढिगाने पडलेली असते. प्रत्येक खुणेची नोंद जागेसह होते. पूर्वी ती कागदावर होत असे, आता मोबाइलवर होते.

हे ठसे पाहिले की तुम्ही म्हणाल, मग ठसेच का मोजू नयेत? पुष्कळ वर्षे अगदी तसेच करीत. ही पद्धत १९६६ साली ओडिशातील वनाधिकारी स. रा. चौधरी यांनी मांडली. ठशावर काच ठेवून त्याची बाह्यरेषा काढायची, किंवा त्यात प्लॅस्टर ओतून साचा घ्यायचा. मग सगळे ठसे शेजारी शेजारी मांडून कोणता कोणत्या वाघाचा ते अनुभवाने ठरवायचे. १९७२ च्या देशव्यापी मोजणीत भारतात १,८२७ वाघ असल्याचे सांगण्यात आले. तो आकडा पाहून देश हादरला आणि १९७३ मध्ये ‘व्याघ्र प्रकल्प’ सुरू झाला. तेव्हा या पद्धतीने मोठे काम केले, यात शंका नाही.

पण तिच्यात एक कच्चा दुवा होता. तो समजण्यासाठी घरीच एक प्रयोग करून पाहा. अनवाणी पायाने आधी बारीक धुळीत चाला, मग ओल्या चिखलात, मग नदीच्या वाळूत. तिन्ही ठसे मोजा. पाय एकच, पण लांबी-रुंदी तीन प्रकारची येईल. चालताना, धावताना आणि चढ चढताना घेतलेले ठसेही वेगळे येतील. वाघाचेही तसेच होते. मग एकाच वाघाचे दोन वाघ होतात, किंवा दोन वाघांचा एक होतो. आणि ठसा कोणाचा हे शेवटी माणूसच ठरवीत असल्यामुळे, गेल्या वर्षीपेक्षा आकडा कमी दिसू नये असे कोणाच्या मनात आले तर तपासायचे कसे?

याचा फटका राजस्थानातील सरिस्का येथे बसला. २००४ साली तिथे कागदोपत्री पंधराहून अधिक वाघ होते. २००५ मध्ये नीट शोध घेतला तेव्हा एकही सापडला नाही! चोरट्या शिकाऱ्यांनी ते केव्हाच संपविले होते आणि कागदावरचे वाघ मात्र सुखाने नांदत होते. चुकीची मोजणी म्हणजे नुसती गणितातली चूक नव्हे, हे त्या दिवशी सर्वांना कळले. त्यानंतर देशाने पद्धत बदलली. ठसे आजही पाहतात, पण ‘या भागात वाघ वावरतो’ एवढेच सांगण्यापुरते.

दोन किलोमीटरची सरळ रेघ

आता आपली मंडळी पायवाट सोडून सरळ झाडीत शिरली. त्यांना दोन कि.मी. लांबीच्या एका ठरविलेल्या सरळ रेषेवरून सूर्योदयाच्या सुमारास चालायचे आहे. मध्ये काटे आले, नाला आला, तरी रेघ सोडायची नाही. बोलायचे नाही, हळू चालायचे. या वेळी ते वाघ शोधत नाहीत. चितळ, सांबर, नीलगाय, गवा, रानडुक्कर, म्हणजे वाघाचे भक्ष्य मोजत आहेत.

भक्ष्य कशासाठी मोजायचे? हिशेब पाहा. वाघाला आठवड्याला चितळाएवढे एक जनावर लागते, म्हणजे वर्षाला सुमारे ५०. आणि जंगलातील भक्ष्याचा साधारण दहावा हिस्साच वर्षभरात वाघाच्या वाट्याला गेला, तर ते भक्ष्य टिकून राहते. याचा अर्थ एका वाघामागे सुमारे ५०० खुरवाली जनावरे रानात हवीत! वाघ किती, हा प्रश्न म्हणूनच चितळ किती, या प्रश्नापासून सुरू होतो.

पण चालताना सगळीच चितळे कशी दिसणार? रेषेजवळची दिसतात, लांबची झाडीआड राहतात. यावर तोड अशी : जनावर दिसले की यंत्राने त्याचे अंतर मोजायचे आणि होकायंत्राने दिशा पाहायची. समजा, चितळ ६० मीटरवर आहे आणि ते आपल्या चालण्याच्या रेषेशी ३० अंशांचा कोन करते. तर रेषेपासून त्याचे लंबांतर किती? तुमच्या त्रिकोणमितीच्या पुस्तकात उत्तर आहे. ६० गुणिले ज्या ३०, म्हणजे ६० गुणिले अर्धा, म्हणजे ३० मीटर. (‘ज्या’ म्हणजे तुमचा ‘साइन’.)

अशी पुष्कळ लंबांतरे गोळा झाली की त्यांचा आलेख काढतात. रेषेजवळ खूप नोंदी आणि लांब जाऊ तशा कमी कमी, असा तो उतरता जातो. या उतारावरून कळते, की आपण जणू रेषेच्या दोन्ही बाजूंना अमुक इतक्या मीटरांपर्यंतचीच सगळी जनावरे पाहिली. समजा, ते अंतर ४० मीटर आले. मग आपण पाहिलेल्या पट्ट्याची रुंदी ८० मीटर, लांबी २,००० मीटर, क्षेत्रफळ १,६०,००० चौ. मीटर, म्हणजे ०.१६ चौ. कि.मी. एका फेरीत सरासरी ८ चितळे दिसली असतील, तर ८ भागिले ०.१६, म्हणजे दर चौ. कि.मी.ला ५० चितळे. जी दिसलीच नाहीत त्यांचाही हिशेब असा लागला!

पट्ट्यांचे अक्षर

आता वाघाकडे वळू. तुमच्या अंगठ्याचा ठसा जगात दुसऱ्या कोणाचा नसतो. वाघाच्या अंगावरचे पट्टेही तसेच असतात. दोन वाघांचे पट्टे कधीच एकसारखे नसतात. एवढेच नव्हे, तर एकाच वाघाची डावी बाजू उजव्या बाजूसारखी नसते. आणि हे पट्टे जन्मापासून मरेपर्यंत बदलत नाहीत.

ही गोष्ट छायाचित्रांनी पुढे आणणाऱ्यांमध्ये एफ. डब्ल्यू. चँपियन या इंग्रज वनाधिकाऱ्याचे नाव मोठे आहे. १९२० च्या सुमारास इतर साहेब वाघ मारून त्याच्यावर पाय ठेवून छायाचित्र काढून घेत असताना, हा गृहस्थ आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडच्या जंगलात वाघाच्या वाटेवर तार आडवी बांधीत असे. तारेला वाघाचा पाय लागला की उजेडाचा लखलखाट होई आणि कॅमेरा आपले काम करी. रात्रभरात छायाचित्र मिळायचे ते एकच. अशी चित्रे जमवता जमवता प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्याचे त्याने दाखवून दिले.

त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, १९९० नंतरच्या काळात, कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंत यांनी या कल्पनेला संख्याशास्त्राची जोड दिली आणि त्यातून वाघ मोजण्याची आजची पद्धत उभी राहिली.

कॅमेरा जागा कसा होतो?

मंडळी आता एका जाळरेषेवर आली आहेत. वणवा पसरू नये म्हणून झाडी कापून मोकळी ठेवलेली ही पट्टी. वाघालाही काट्यांतून जाण्यापेक्षा मोकळ्या वाटेने चालणे आवडते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. दोन कशासाठी, हे तुम्ही आता ओळखलेच असेल : एक डाव्या बाजूसाठी, एक उजव्या बाजूसाठी. जंगलाच्या नकाशावर सुमारे दोन चौ. कि.मी.चे चौकोन आखून शक्यतो प्रत्येक चौकोनात अशी एक जोडी ठेवतात. मग पंचवीस-तीस दिवस कॅमेरे तिथेच राहतात.

हा कॅमेरा दिवसरात्र चित्रे काढीत बसत नाही. तो झोपलेला असतो. त्याला उठविते ती उष्णता. प्रत्येक उबदार वस्तू अदृश्य असे अवरक्त किरण बाहेर टाकते. आपल्या डोळ्यांना ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमानाचे शरीर मुख्यतः ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण टाकते, ते आपल्याला दिसत नाहीत. कॅमेऱ्यातील एका खास स्फटिकाला मात्र ते जाणवतात. या स्फटिकाचे तापमान किंचित बदलले तरी त्याच्यावर विद्युतभार निर्माण होतो.

इथे एक युक्ती आहे. स्फटिकाचे दोन भाग शेजारी शेजारी ठेवून उलट-सुलट जोडलेले असतात. ऊन पडले तर दोन्ही भाग सारखेच तापतात, त्यांचे परिणाम एकमेकांना छेदतात आणि कॅमेरा झोपलेलाच राहतो. पण वाघ समोरून गेला, की त्याची ऊब आधी एका भागावर पडते आणि मग दुसऱ्यावर. तोल बिघडतो, वीज वाहते आणि क्षणार्धात चित्र निघते. चित्राच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळही उमटते.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. ही मोजणी ताडोबात ऐन मे महिन्याच्या दुपारी केली तर काय होईल? चंद्रपूरचा उन्हाळा प्रसिद्धच आहे. पारा ४६-४७ अंशांवर जातो, दगड आणि जमीन त्याहून तापते. वाघाचे अंग आणि त्याच्यामागचा खडक यांच्या उष्णतेतला फरक कधी अगदी कमी उरतो, तर कधी खडकच वाघापेक्षा गरम असतो. शिवाय वाऱ्याने तापलेले गवत हलले तरी कॅमेरा फसतो. अशा वेळी कॅमेरा कधी वाघाला सोडतो, तर कधी गवताचीच शेकडो चित्रे काढतो. थंडीच्या पहाटे मात्र उबदार वाघ गार पार्श्वभूमीवर दिव्यासारखा उठून दिसतो.

देशभरात हे काम केवढे मोठे झाले ते पाहा. २०१८ च्या मोजणीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे काढली. त्यांतली वाघांची किती? फक्त ७६,६५१! बाकी चितळे, डुकरे, गुरे, माणसे आणि हलणारे गवत. वाघांची चित्रे वेगळी काढल्यावर संगणक प्रत्येक चित्रातील पट्टे वाघाच्या एका त्रिमितीय आकृतीवर चढवितो. त्यामुळे वाघ तिरका उभा असला तरी पट्टे सरळ करून ताडता येतात. शेवटचा निर्णय मात्र माणूस स्वतः डोळ्यांनी पाहून घेतो.

चिंचोक्यांचा प्रयोग

इतके कॅमेरे लावले तरी काही वाघ एकाही कॅमेऱ्यासमोरून जात नाहीत. त्यांना कसे मोजायचे? इथे एक जुनी आणि फार सुंदर युक्ती कामाला येते. डेन्मार्कमधील पीटरसन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती माशांसाठी वापरली, आणि अमेरिकेतील लिंकनने १९३० साली बदकांसाठी. तुम्ही ती चिंचोक्यांवर वापरून पाहा.

एका पिशवीत न मोजता बरेचसे चिंचोके घ्या. त्यांतले ४० बाहेर काढून प्रत्येकावर चुन्याचा ठिपका द्या. ठिपके वाळल्यावर ते परत पिशवीत टाका आणि पिशवी चांगली हलवा. आता न पाहता ४५ चिंचोके काढा. समजा, त्यांत ठिपक्याचे ९ निघाले. म्हणजे दुसऱ्या वेळच्या चिंचोक्यांत दर पाचांमागे एक ठिपक्याचा आहे. पिशवी नीट हलविली असेल, तर सबंध पिशवीतही दर पाचांमागे एकच ठिपक्याचा असणार. ठिपक्याचे आहेत ४०, म्हणून सगळे मिळून २००. सूत्र असे : पहिल्या वेळची संख्या गुणिले दुसऱ्या वेळची संख्या, भागिले दोन्ही वेळा सापडलेल्यांची संख्या. नंतर पिशवी ओतून खरोखर मोजा. उत्तर तंतोतंत येणार नाही, पण जवळ येईल. दहा वेळा करून सरासरी घ्या, ते आणखी जवळ येईल.

वाघाला चुना लावावा लागत नाही, त्याचा ठिपका जन्मतःच त्याच्या अंगावर आहे! समजा, पहिल्या पंधरवड्यात २० वेगवेगळे वाघ टिपले गेले, दुसऱ्या पंधरवड्यात २४, आणि त्यांतले १६ दोन्ही वेळा आले. तर २० गुणिले २४ भागिले १६, म्हणजे एकूण ३० वाघ. प्रत्यक्ष टिपले गेले २८, न टिपलेले दोन.

पण या सूत्राच्या अटी विसरू नका. मोजणीच्या काळात वाघ जन्मता, मरता किंवा बाहेर जाता कामा नये, म्हणूनच ती थोड्या दिवसांत उरकतात. प्रत्येक वाघाला टिपले जाण्याची संधी असली पाहिजे, म्हणून कोणताही चौकोन शक्यतो रिकामा सोडत नाहीत. आणि ओळख चुकता कामा नये. चुना पुसला गेला तर काय होईल? दोन्ही वेळा सापडलेल्यांची संख्या घटेल आणि उत्तर फुगेल. करून पाहा! आजकाल शास्त्रज्ञ याहून पुढचे गणित वापरतात. त्यात वाघाचे मुख्य ठिकाण कॅमेऱ्यापासून जितके जवळ, तितकी तो टिपला जाण्याची शक्यता अधिक, हेही धरलेले असते. पण मूळ कल्पना चिंचोक्यांचीच.

या पद्धतीने २००६ साली भारतात १,४११ वाघ असल्याचा अंदाज आला आणि २०२२ साली ३,६८२. महाराष्ट्रात २००६ मध्ये १०३ होते, ते २०२२ मध्ये ४४४ झाले. यातील फार मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलांचा आहे.

आकड्यामागची माणसे

हा आकडा सुखाने हाती आलेला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच मोजणीच्या कामावर, ताडोबाच्या कोलारा भागात एक महिला वनरक्षक तीन मदतनिसांसह सकाळी पायी निघाल्या होत्या. वाटेत दूरवर वाघीण बसलेली दिसली. त्यांनी तिला त्रास दिला नाही. बराच वेळ थांबल्या आणि मग वळसा घालून झाडीतून जाऊ लागल्या. वाघिणीने मागून येऊन हल्ला केला आणि त्यांचा जीव गेला. त्यानंतर तिथले पायी काम थांबविण्यात आले. वर आपण खुणांच्या, रेषांच्या, अंशांच्या गोष्टी केल्या. त्यांतल्या प्रत्येक आकड्यासाठी कोणीतरी अशा रानातून चालत गेले आहे, हे विसरू नका.

आणि केवळ वनरक्षकच नव्हेत. वाघ वाढले, तसे ते गाभ्यातून बफरमध्ये, तिथून ब्रह्मपुरीच्या रानात, आणि वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात वडसा भागापर्यंत पसरले. या पट्ट्यात जंगल आणि धानाची शेते एकमेकांत मिसळलेली आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बायामाणसे मोहफुले वेचायला जातात, मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला. खाली वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा भासण्याचा संभव असतो. घरात वर्षाचे मीठमिरची याच कामावर चालते, तेव्हा ‘रानात जाऊ नका’ एवढे सांगून भागत नाही.

अशा वेळी पट्टे ओळखण्याची ही विद्या जिवावरचे काम करते. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा या तीन जिल्ह्यांत मिळून तेरा माणसांचे बळी घेणारा एक वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात बेशुद्ध करून पकडण्यात आला. त्या रानात इतरही वाघ होते. पकडायचा तो नेमका कोणता? चुकीचा पकडला, तर निरपराध वाघ पिंजऱ्यात जातो आणि गावावरचे संकट तसेच राहते. जागोजागी बांधलेल्या कॅमेऱ्यांतील चित्रांवरूनच हा निवाडा करता येतो. ताडोबाच्या बफरमधील काही गावांजवळ तर आता वाघ दिसताच सूचना पाठविणारे कॅमेरेही बसविले आहेत.

पट्ट्यांनी आणखी एक नवलाची गोष्ट सांगितली. २०२३ साली ओडिशातील महेंद्रगिरीच्या डोंगरात एक वाघ टिपला गेला. तो तिथला नव्हता. त्याचे पट्टे ताडून पाहिले, तेव्हा तो आपल्या ब्रह्मपुरीचा निघाला! सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर सुमारे ५०० कि.मी. होते. प्रत्यक्षात तो नद्या, रस्ते, रेल्वेमार्ग आणि कितीतरी गावांच्या शिवारातून त्याहून पुष्कळ अधिक चालला असणार. वाटेत बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. जंगलाचा एक तुकडा राखून भागत नाही, तुकड्यांना जोडणाऱ्या वाटाही राखाव्या लागतात, हे या एका छायाचित्राने सिद्ध केले.

तुम्ही काय कराल?

तुम्हाला जंगलात पायी जाता येणार नाही आणि जाऊही नका. पण रेषेवरून मोजण्याची पद्धत तुम्ही शाळेमागच्या शेतात वापरू शकता. शेताच्या बांधावर अर्धा कि.मी.ची सरळ रेघ ठरवा. सकाळी हळू चालत साळुंक्या मोजा. प्रत्येकीचे अंतर पावलांनी अजमावा, कोन कोनमापकाने घ्या आणि लंबांतर काढा. शिक्षकांनी वर्गाचे चार गट करून चौघांची उत्तरे फळ्यावर मांडावीत. ती सारखी येणार नाहीत. का येत नाहीत, यावर चर्चा करावी. त्या चर्चेत पुस्तकातल्या एका धड्यापेक्षा जास्त शिकायला मिळेल.

आणि पुढे कधी ताडोबाला गेलात, की वाटेच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेली एक छोटी पेटी दिसेल. तुमची गाडी समोरून गेली की तीही तुमचे चित्र काढील. ते चित्र पुढे कोणीतरी संगणकासमोर बसून ‘माणसे’ या खान्यात टाकील, आणि त्याच्या आगेमागे कुठेतरी, त्याच वाटेवर, पहाटे साडेतीन वाजता निघालेले वाघाचे चित्र असेल.